दोन बोटं आत

वनचौकी,
८ फेब्रुवारी

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

सोबतच्या गोणीत बारा जाळ्या आहेत. सगळ्या काठाशी फाटल्या आहेत. फाडणारी गिऱ्हाइकं जुनीच, माकडं. ताणलेली जाळी दिसली की त्यांना ती झोळी वाटते आणि एका झोळीत तिघं बसायला जातात. जीपवाले काका उद्या शहरात उतरणार आहेत, ते गोणी दुकानात टाकतील. मागच्या खेपेला तुम्ही त्यांची पँट न सांगता कमरेत सैल करून दिलीत, तेव्हापासून गोणी न्यायची आहे का असं ते स्वतःहून विचारतात.

आत्याने मी इथे नक्की काय करते असं विचारलं, तर तुम्ही म्हणे तिला झाडं मोजते असं सांगितलंत. झाडं नाही, बाबा. झाडांचा गळलेला पाला. जंगल वर्षाकाठी किती पाला खाली टाकतं त्यावरून त्याची तब्येत कळते. तुम्ही शिवलेल्या चाळीस जाळ्या त्यासाठीच आहेत. प्रत्येकीचं तोंड बरोबर एक मीटर बाय एक मीटर, नेफ्यातून दोरी, चार कोपऱ्यांना चार काठ्या. दर पंधरा दिवसांनी आत पडलेलं सगळं काढायचं, वाळवायचं, निवडायचं आणि तोलायचं. असं दोन वर्षं करायचं आहे, त्यातले सहा महिने झाले. जाळीत पडलेलं काहीही टाकायचं नाही, काडीसुद्धा वजनात धरायची, हा माझा नियम आहे. तेव्हा जाळ्या झटकताना पानाचा तुकडा निघाला तर आत्याने तो केरात लोटू नये.

निवडायला पालेवाल्या मावशी येतात. गुरांखाली पसरायला त्या याच जंगलातून तीस वर्षं पाला नेत आहेत. नुसता देठ हातात घेऊन झाड सांगतात. मी पुस्तक उघडून तेच झाड शोधेपर्यंत त्यांची पुढची रास झालेली असते. जाळ्यांवर लक्ष ठेवायला वनरक्षक आहेत. त्यांना टापटिपीचं वेड आहे. रोज सकाळी चाळीस जाळ्यांना चक्कर मारतात आणि एखादी दोरी सैल दिसली तर त्यांना चहा गोड लागत नाही.

फोन लागत नाही म्हणून मला वाईट वाटत नाही. लागला तरी तुम्ही जेवलीस का आणि ठेवतो, एवढंच बोलता. पत्रात निदान पानभर तरी बोलता. लोभ मोजूनमापून नको, असेल तेवढा पाठवावा.

तुमची,
गुंडी


घर,
१५ फेब्रुवारी

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

गोणी पोचली. बाराही जाळ्या तयार आहेत. उद्या जीपवाल्यांच्या हाती देतो.

आधी मी फाटलं तिथे जाळीचा तुकडा लावत होतो. ती पद्धत आता सोडली. ठिगळाच्या कडेला छिद्र राहतं आणि माकड नेमकं तिथेच बोट घालतं. आता काठापासून खालपर्यंत जिथे फाटलं असेल ते दुमडून आत घेतो आणि वरून दुहेरी टीप मारतो. दोन बोटं आत घेतलं की काम भक्कम होतं. त्या टिपेवर तुझ्या वनरक्षकांना बसवलंस तरी ती उसवणार नाही. प्रत्येक जाळीचा नंबर लाल दोऱ्याने घातलेला आहेच. मापाच्या वहीत प्रत्येक नंबराला जागा ठेवली आहे. कोणत्या तारखेला कोणत्या बाजूला काय केलं ते लिहितो. कपडा परत आला तर आपण त्याला आधी काय करून ठेवलंय ते शिंप्याला माहीत असलं पाहिजे.

अक्षर मोठं आलं आहे कारण पेन जाड आहे. पेन जाड आहे कारण घरात तेच सापडलं. सुई ओवायचं खातं तुझ्या आत्याने हौसेने स्वतःकडे घेतलं आहे. दोरा ओवला की ती असा चेहरा करते की जणू अख्खा कोट तिने शिवला. पानांचे तीन तुकडे निघाले, ते वेगळ्या पाकिटात आहेत. नंबर आत्याने घातले आहेत. तिला वाटतं तुझी नोकरी फार सोपी आहे, कारण केर ती रोज काढते आणि तिला कोणी पदवी देत नाही.

दुकान ठीक आहे. लोक तयार कपडे घेतात आणि माझ्याकडे फक्त उंची कमी करायला येतात. तब्येत उत्तम. लोभ आहे तो उसवू देऊ नये.

तुझा,
बाबा


वनचौकी,
२० ऑगस्ट

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत सहाच महिने झाले होते, आता दोन वर्षं संपली. शेवटची रास परवा तोलली. मावशींनी तराजूचं पारडं पुसून ठेवलं आणि आता याच्यावर कांदे तोलायला हरकत नाही ना, असं विचारलं. या गोणीत जाळी नंबर सात आहे. आता तिची गरज नाही, पण दुरुस्तीच्या वाटेवरच होती म्हणून पाठवते. आठवण म्हणून ठेवा.

आता खरी बातमी. पाला कमी होतो आहे. एकदम नाही, सावकाश. दर दोन महिन्यांनी थोडा थोडा, आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सुरुवातीपेक्षा पंधरा टक्के. गंमत म्हणजे ही घट फक्त ओढ्याच्या अलीकडे आहे. अलीकडे एक ते अठ्ठावीस नंबरच्या जाळ्या, पलीकडे एकोणतीस ते चाळीस. पलीकडे फळझाडं नाहीत, त्यामुळे माणसं जात नाहीत आणि माकडंही जात नाहीत. तिथला पाला जिथल्या तिथे आहे. माझे मार्गदर्शक सर एवढे खूश झालेले मी पाहिले नव्हते. त्यांचं म्हणणं असं की अलीकडचा पाला लोक वर्षानुवर्षं उचलून नेतात, त्यामुळे माती अशक्त झाली आणि झाडं हात आखडता घेत आहेत. माझ्या प्रबंधाचा कणा हाच आहे. पुढच्या महिन्याच्या अखेरीस तो द्यायचा आहे.

सरांनी आकडे वनखात्याला कळवले. खात्याने वीस सप्टेंबरला बैठक लावली आहे आणि त्यात अलीकडच्या जंगलातून पाला उचलायला बंदी होईल असं दिसतं. हे मावशींना मीच सांगितलं. त्यांची चार गुरं त्या पाल्यावर झोपतात आणि शेताला खतही त्याचंच होतं. त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या की त्यांना काही पाला कमी झालेला दिसला नाही, टोपली पूर्वी जेवढ्या वेळात भरायची तेवढ्याच वेळात भरते. मी त्यांना समजावलं की डोळे फसवतात, वजन फसवत नाही. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला आल्या. मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण आकडे आहेत ते आहेत.

प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार मानायचे असतात. यादी केली तर पानभर झाली. मावशी, वनरक्षक, जीपवाले काका, चौकीवर स्वयंपाक करणारे आजोबा, तराजू दुरुस्त करून देणारा घड्याळजी, सुई ओवणारी आत्या. लोकांना वाटतं की जंगलात एकटी बाई वही घेऊन फिरते. तुमच्यासाठी मी असं लिहिलं आहे: चाळीस जाळ्या शिवणारे आणि दोन वर्षं त्या टिकवणारे माझे वडील. चालेल का ते कळवा. लोभ आहेच, आता तर तुम्हाला तो छापील मिळणार.

तुमची,
गुंडी


घर,
२७ ऑगस्ट

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

माझं नाव त्या यादीतून काढ. निदान हे पत्र संपेपर्यंत तरी काढ.

तुझं पत्र आत्याने दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना मी वही उघडायला सांगितली. एक ते अठ्ठावीस या जाळ्या माझ्याकडे कितीदा आल्या ते मोजलं. एकोणतीसपासून चाळीसपर्यंत वहीची जागा कोरी आहे. त्या एकदाही आल्या नाहीत, कारण तिकडे माकडं नाहीत. पाला तिथेच कमी झाला जिथे मी शिवलं.

नंबर सात टेबलावर पसरली आणि तोंडाचा घेर मोजला. नवी होती तेव्हा चारही बाजू मिळून चारशे सेंटिमीटर होता. आता तीनशे पासष्ट भरला. आत्याकडून पुन्हा मोजून घेतला, तेवढाच आला. दहा ठिकाणी मी दोन दोन बोटं आत घेतली आहेत. माझं बोट पावणेदोन सेंटिमीटर भरतं, तेही टेप लावून पाहिलं. दहा दुमडींचे पस्तीस गेले. इतर जाळ्यांना सरासरी नऊ दुमडी आहेत. तोंड लहान झालं तर पान बाहेर पडणारच. झाडाने हात आखडता घेतला नाही, तो मी घेतला.

मला हे तेव्हाच कळायला हवं होतं. शर्टाची बाही दोन बोटं आत घेतली तर ती आखूड होते, हे मी पंचेचाळीस वर्षं लोकांना सांगत आलो. कपडा आखूड झाल्यावर गिऱ्हाइकाचंच अंग वाढलं असं सांगणारे शिंपी मी पाहिले आहेत. मला त्यांच्यात बसायचं नाही. तुझ्या मावशींची टोपली बरोबर आहे. बैठकीच्या आत हे तुझ्या सरांना सांग, आणि त्यांच्या आधी मावशींना सांग.

वही सोबत पाठवतो. कोणत्या जाळीला कोणत्या तारखेला किती बोटं आत घेतली ते सगळं त्यात आहे. त्यावरून तुला हिशोब दुरुस्त करता येईल की नाही ते मला कळत नाही, ते तुझं खातं. ठिगळाऐवजी दुमड का घातली असं विचारशील, तर घाई. दुसरं काही नाही.

तुझी दोन वर्षं माझ्या हातून बिघडली याचं मला फार वाईट वाटतं. लिहून ठेवतो, कारण फोनवर मला ते बोलता येणार नाही. लोभाबद्दल या वेळी मी काही मागत नाही.

तुझा,
बाबा


घर,
२७ ऑगस्ट, दुपार

चि. गुंडे,
अ. आ.

हे पत्र मी जाळी सातच्या नेफ्यात घालून परत पाठवते आहे. दादाने विचारलं तर सांगेन की जाळी तुझ्याकडेच राहिलेली बरी. त्याला हे पत्र माहीत नाही आणि कळूही द्यायचं नाही.

घाई म्हणे. तुझ्या बापाने जन्मात जेवण सोडून कशातच घाई केली नाही. त्याला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी गेल्या वर्षीच ऑपरेशन करा म्हणून सांगितलं, तर हा म्हणाला की पोरीच्या जाळ्या संपू देत, मग बघू. ठिगळ लावायचं तर जाळीचं बारीक छिद्र छिद्राला जुळावं लागतं, ते त्याला दिसेना. दुमड बोटाला लागते, ती न बघता शिवता येते. म्हणून ती दोन बोटं. सुई ओवायची मला हौस नव्हती, बाई. मला सुईचा कंटाळा आहे. आणि पेन घरात चार आहेत.

तुला का नाही सांगितलं, तर त्याला भीती होती की तू जाळ्या दुसऱ्या कुणाकडे देशील. दुकानात आता कामं येत नाहीत. महिन्याला तुझी गोणी यायची तेवढा एक दिवस तो सकाळी दाढी करून खाली जायचा. मीही गप्प बसले, तेव्हा निम्मा दोष माझ्या पदरात घाल. पण काल ते गणित कळल्यावर तो जेवला नाही. तेव्हा म्हटलं आता पुरे. आत्यावर आहे तेवढा लोभ राहू दे, वाढला तर सांभाळायला मला जागा नाही.

तुझी,
आत्या


वनचौकी,
१४ सप्टेंबर

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पहिले दोन दिवस मी रागावले होते, ते लपवत नाही. तुमच्यावर, माकडांवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. दोन वर्षांत मी हजारो वेळा पाला तोलला, पण ज्या तोंडातून तो आत येतो ते पुन्हा एकदाही मोजलं नाही. जाळी शिवताना एक मीटर होती, म्हणून ती एक मीटरच आहे असं धरून चालले. असं धरून चालायचं नाही, हे कुठल्याही विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी शिकवतात.

तिसऱ्या दिवशी वनरक्षकांना घेऊन एकेका जाळीपाशी गेले. तुमचं बरोबर आहे. पण मला एक कळत नव्हतं. जाळी लहान झाली तर ती चार काठ्यांवर बसणार नाही, मग हे मला दिसलं कसं नाही. वनरक्षकांनी टोपी काढली आणि सांगितलं की दर वेळी जाळी शहरातून आली की आखूड पडायची, ताण येऊन पुन्हा फाटेल म्हणून ते काठ्या उपटून जरा आत रोवायचे. चौकोन नीट साधायचे, दोरीने कोन तपासायचे. मला त्रास नको म्हणून बोलले नाहीत. त्यांनी चौकोन इतका चोख साधला होता की माझ्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. म्हणजे तुम्ही मदत केलीत, त्यांनी केली आणि जीपवाल्यांनी गोणी कधी एक दिवसही उशिरा आणली नाही. इतक्या लोकांनी इतक्या मनापासून हातभार लावला की जंगल पंधरा टक्क्यांनी आटलं.

तुमची वही घेऊन बसले. प्रत्येक दुमडीची तारीख असल्यामुळे कोणत्या पंधरवड्यात कोणत्या जाळीचं तोंड केवढं होतं ते काढता आलं. आठ दिवस लागले. घट उरली एक टक्क्याहून कमी, म्हणजे काहीच नाही. जंगल ठणठणीत आहे. सरांनी वही पानापानाने तपासली. मग त्यांनी माझ्यासमोरच खात्याला पत्र लिहून आधीचे आकडे मागे घेतले. बैठक रद्द झाली. प्रबंध सहा महिने पुढे गेला आणि तो आता असा प्रबंध आहे ज्यात काही घडत नाही. सर म्हणाले की असेही लागतात.

मावशींना सर्वांत आधी सांगितलं, तुम्ही म्हणालात तसं. डोळे फसवतात असं मी बोलले होते त्याची माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि शिंपीबुवांची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

तेच मलाही विचारायचं आहे. मला कुणीही काही सांगितलेलं नाही, वही पुरे आहे. पहिल्या पानावर बावीस ओळी आहेत. मधल्या पानावर बारा. शेवटच्या पानावर पाच, आणि त्यातली एक ओळीवरून घसरून खालच्या ओळीत गेली आहे. जाड पेनाचा एवढा महिमा नसतो. मी चोवीस तारखेला येते आहे. डॉक्टरांची वेळ जीपवाल्यांकरवी घेतली आहे. दुकान बंद ठेवायचं. गोणीतून अठ्ठावीस जाळ्या बरोबर आणते, कारण त्यांना तुमच्याशिवाय कुणी हात लावलेला मला चालणार नाही.

यादीतून नाव काढणार नाही. तुमची वही प्रबंधाच्या शेवटी जशीच्या तशी जोडणार आहे, बावीस ओळींपासून पाच ओळींपर्यंत. तुम्ही मागितला नाहीत तरी लोभ पाठवते आहे.

तुमची,
गुंडी


घर,
२ नोव्हेंबर

चि. गुंडीस,
अ. उ. आ.

हे पत्र बारीक पेनाने लिहितो आहे. उजव्या डोळ्याची पट्टी निघाली, डाव्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तू गेल्यावर डॉक्टरांनी आठ दिवस शिवण करू नका म्हणून सांगितलं. आत्याने मशीनवर चादर घालून त्यावर भांडी मांडून ठेवली होती. नवव्या दिवशी भांडी मीच उतरवली.

पहिल्यांदा नंबर सात घेतली. माझी स्वतःची शिवण मी पहिल्यांदाच पाहत होतो म्हण ना. टीप कुठे उजवीकडे, कुठे डावीकडे, एका ठिकाणी तर स्वतःवरूनच परत गेलेली. असं काम दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला मशीनपाशी बसू दिलं नसतं. तू दोन वर्षं हे पाहत होतीस आणि काही बोलली नाहीस, ते प्रेमाने की तुला शिवणातलं कळत नाही म्हणून, हे मी विचारणार नाही.

अठ्ठावीस जाळ्यांच्या सगळ्या दुमडी उसवल्या. दोनशे एकावन्न निघाल्या. प्रत्येक ठिकाणी ठिगळ लावलं, छिद्राला छिद्र जुळवून. प्रत्येक जाळीचा घेर टेपने मोजला, चारशे म्हणजे चारशे. नवी वही घातली आहे आणि तिच्यात पानाला चोवीस ओळी बसतात. दोरा माझा मी ओवतो. त्यामुळे तुझ्या आत्याला हातचं काम गेल्यासारखं झालं आहे आणि ती उगाच कपाटं आवरत असते. तिला कधीतरी बोलावून घे, मावशींशी तिचं जमेल.

जाळ्या पुन्हा लावणार असशील तर वनरक्षकांना माझा नमस्कार सांग, आणि काठ्यांना हात लावायचा नाही असंही सांग. लोभ आहे तो दोन बोटंही आत घेऊ नये.

तुझा,
बाबा

ता. क. दुमडी उसवताना काहींच्या आत पानं सापडली. टिपेखाली दबून राहिलेली, काही अर्धी, काहींचे नुसते देठ. एकोणीस पुड्या केल्या आहेत, प्रत्येकीवर जाळीचा नंबर आहे. दुमड कधी घातली ते तुझ्याकडच्या वहीत मिळेल, तेव्हा कोणत्या पंधरवड्यात धरायची तेही कळेल. वजनात घे. मोजायची राहिली होती.